‘लवकर’ म्हणजे कुणापेक्षा लवकर? एक्मोवरचा रुग्ण, गळ्यातली नळी आणि आकड्यांची उलटतपासणी



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, हा तर डॉक्टरांनी डॉक्टरांपुढे बोलायचा विषय. आपलं इथे काय काम? तर काम असं आहे की, निर्णय आम्ही घेतो, पण सही तुम्ही करता. आयसीयूच्या दाराबाहेर, रात्री नऊ-साडेनऊला, कधी कधी उभ्या-उभ्याच. आणि सही करण्यापूर्वी आमच्याकडून एक वाक्य ऐकता. त्या वाक्याची आज आपण उलटतपासणी करणार आहोत. वाक्य असं आहे: “ट्रॅकिऑस्टॉमी लवकर केली, की पेशंट लवकर सुटतो.”

आम्ही अतिदक्षता विभागात काम करतो. हे वाक्य आम्हीही बोललेलो आहोत, म्हणून सुरुवात स्वतःपासूनच करू.

एक गृहस्थ होते. न्यूमोनियानं दोन्ही फुप्फुसं भरलेली, व्हेंटिलेटर कमी पडला म्हणून एक्मोवर घेतलेले. पाचव्या दिवशी आम्ही त्यांच्या मुलीला सांगितलं, “ताई, गळ्यातून नळी टाकू या, म्हणजे ते लवकर सुटतील.” तिनं सही केली. त्या रात्रीपासून जखमेतून रक्त झिरपत राहिलं. रक्त पातळ ठेवणारं औषध थांबवावं लागलं, रक्ताच्या पिशव्या लागल्या, दोनदा टाके घालावे लागले. आणि गंमत बघा, अकराव्या दिवशी फुप्फुसं इतकी सुधारली की एक्मो काढता आलं. गृहस्थ घरी गेले. जाताना मुलगी म्हणाली, “बरं झालं, लवकर भोक पाडलं.” आम्ही गप्प राहिलो. अकराव्या दिवशी फुप्फुसं उघडली ती भोकामुळे, असं म्हणायला आमच्याकडे काहीही आधार नव्हता. कदाचित तोंडातली नळी तशीच काढता आली असती. पण तिच्या मनात ते वाक्य पक्कं झालं होतं, आणि ते आम्हीच पक्कं केलं होतं.

आता थोडं यंत्राबद्दल. एक्मो हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला तो डिसेंबर 2016 मध्ये, जयललितांच्या शेवटच्या आजारपणाच्या बातम्यांत. नंतर 2020 मध्ये एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या वेळी, आणि मग कोविडच्या दुसऱ्या लाटेत तर तो घराघरांत पोचला. एक्मो म्हणजे शरीराबाहेरचं फुप्फुस, आणि गरज पडली तर शरीराबाहेरचं हृदयसुद्धा. मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेत जाड नळी घालून रक्त बाहेर काढतात. पंप ते कृत्रिम फुप्फुसातून ढकलतो, तिथे प्राणवायू मिसळतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि रक्त परत शरीरात येतं. मोठ्या माणसात मिनिटाला चार-पाच लिटर रक्त असं फिरत असतं. फक्त फुप्फुसाला आधार हवा असेल तर रक्त शिरेतून घेऊन शिरेतच परत देतात. हृदयालाही आधार हवा असेल तर धमनीत देतात.

यात एक मेख आहे. रक्त प्लॅस्टिकला लागलं की गोठू पाहतं. म्हणून बहुतेक रुग्णांना हेपॅरिन किंवा तसलं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असतं. शिवाय पंप आणि नळ्यांमधून फिरता फिरता प्लेटलेट्स कमी होतात, रक्त थांबवणारी काही प्रथिनं तुटतात. म्हणजे या माणसाच्या अंगावर साधा ओरखडा काढायचा तरी विचार करावा लागतो. आणि अशा माणसाच्या मानेला छेद द्यायचा, हा आजचा प्रश्न.

छेद द्यायचाच कशाला? व्हेंटिलेटरची नळी तोंडातून, स्वरयंत्राच्या मधून श्वासनलिकेत जाते. ती कुणालाही सहन होत नाही, म्हणून गुंगीची औषधं देतात. गुंगी जास्त म्हणजे माणूस हलत नाही, स्नायू गळतात, संभ्रम वाढतो. ट्रॅकिऑस्टॉमीत स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या कड्याजवळ भोक पाडून आखूड नळी बसवतात. तोंड मोकळं होतं. दात घासता येतात. माणूस जागा राहू शकतो, खुर्चीत बसू शकतो, पुढे झडप लावून बोलूही शकतो. अमेरिकेतले शल्यविशारद सिआग्लिया यांनी 1985 साली सुई आणि तारेवरून हे भोक हळूहळू रुंद करण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून हे काम पेशंटच्या खाटेजवळच होऊ लागलं. ऑपरेशन थिएटरला न्यायची गरज संपली, आणि “कधी करायचं” याला पूर्वी जी एक नैसर्गिक खीळ होती तीही निघाली.

एक्मोवर एक विचित्र गोष्ट घडते. साध्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात ही प्रक्रिया करताना भीती असते ती मधल्या काही क्षणांत श्वासमार्ग हातचा जाण्याची. एक्मोवर प्राणवायू यंत्र देत असतं, त्यामुळे ती भीती बरीच कमी. उलट रक्तस्रावाची भीती वाढलेली. जर्मनीतल्या काही केंद्रांनी अशा 118 रुग्णांचा अनुभव 2013 साली प्रसिद्ध केला. साधारण तिघांतल्या एकाला किरकोळ रक्तस्राव झाला, मोठा रक्तस्राव दोघांना. म्हणजे अनुभवी हातांत हे करता येतं. “करता येतं का” याचं उत्तर बऱ्यापैकी मिळालेलं आहे. पण “करता येतं” वरून “लवकर करावं” इथे उडी कशी मारली जाते, ते बघू.

एक्मोवरच्या ट्रॅकिऑस्टॉमीबद्दलचा बहुतेक अभ्यास जुन्या नोंदी उघडून केलेला असतो. ज्यांच्या गळ्यात नळी टाकली असे रुग्ण निवडायचे. त्यांचे दोन गट करायचे: सातव्या किंवा दहाव्या दिवसाच्या आत केली ते ‘लवकर’, नंतर केली ते ‘उशिरा’. मग दोघांचे आयसीयूतले दिवस मोजायचे. ‘लवकर’ गटाचे दिवस कमी निघतात. निष्कर्ष: लवकर केली की लवकर सुटतो.

आता आपण पंढरीच्या वाटेवर जाऊ. समजा, माउलींच्या पालखीबरोबर निघालेल्या वारकऱ्यांचा कुणी अभ्यास केला. काहींनी नवी चप्पल सासवडला घेतली, काहींनी वेळापूरला घेतली. अभ्यासकाला दिसलं की वेळापूरला चप्पल घेणारे जवळजवळ सगळे पंढरपूरला पोचले, सासवडला घेणाऱ्यांतले काही वाटेत थांबले. तर वेळापूरची चप्पल चांगली म्हणायची का? अहो, वेळापूरला चप्पल घ्यायला माणूस आधी वेळापूरपर्यंत चालत आलेला असावा लागतो! ज्याचे पाय जेजुरीला सुजले आणि तो एसटीनं घरी गेला, तो त्या दुकानात पोचलाच नाही. जगण्या-मरण्याच्या आकड्यांत हा दोष ‘उशिरा’ गटाला फुकटचे गुण देतो. विसाव्या दिवशी ज्याची ट्रॅकिऑस्टॉमी झाली, तो वीस दिवस जगलेला आहे हे आधीच ठरलेलं असतं.

दिवसांच्या हिशेबात तोच दोष उलटा फिरतो. विसाव्या दिवशी ज्याला भोक पाडलं, तो किमान वीस दिवस आयसीयूत होताच. त्याचा मुक्काम सहा दिवसांचा निघूच शकत नाही. पाचव्या दिवशी केलेल्याचा मात्र निघू शकतो. मग ‘उशिरा’ गटाचा मुक्काम लांब निघाला यात नवल कसलं? बरंचसं उत्तर प्रश्न मांडतानाच आत ठेवलेलं होतं.

आणि याहून मोठी चूक वेगळीच आहे. एक हिशेब मांडू, आकडे आपलेच, फक्त समजण्यापुरते. दहा रुग्ण आहेत, पाचव्या दिवशी आम्ही ठरवलं की थांबायचं. बाराव्या दिवसापर्यंत तिघांची फुप्फुसं सुधारली आणि तोंडातली नळी निघाली. दोघे दुर्दैवानं गेले. उरले पाच, त्यांच्या गळ्यात नळी टाकली. नोंदी उघडणाऱ्या अभ्यासकाला ‘उशिरा’ गटात किती दिसतील? पाच. जे तिघे भोकाशिवाय बरे झाले, ते अभ्यासात नाहीतच. खरं तर थांबण्याचा सगळ्यात मोठा फायदा त्या तिघांना झाला, आणि नेमके तेच हिशेबातून गळाले. गेलेले दोघेही गळाले. दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीला आपण पाचव्या दिवशी विचारतो तेव्हा तिचे वडील त्या दहांपैकी कोण, हे कुणालाच माहीत नसतं. तिच्यापुढचा पर्याय ‘आज की विसाव्या दिवशी’ असा नसतो. तो ‘आज की थांबून बघायचं’ असा असतो. अभ्यास एका प्रश्नाचा आणि सही दुसऱ्याच प्रश्नावर, असं होतं.

हा नुसता तर्क झाला असं कुणी म्हणेल. म्हणून आता चिठ्ठ्या टाकून केलेल्या, म्हणजे यादृच्छिक चाचण्यांकडे वळू. या एक्मोच्या रुग्णांवरच्या नाहीत, व्हेंटिलेटरवरच्या सर्वसाधारण गंभीर रुग्णांवरच्या आहेत, हे ध्यानात ठेवा. 2004 साली अमेरिकेतली 120 रुग्णांची एक चाचणी आली. 48 तासांच्या आत ट्रॅकिऑस्टॉमी केलेल्यांत मृत्यू 31.7 टक्के, चौदा ते सोळा दिवस थांबलेल्यांत 61.7 टक्के. निम्मेच! ‘लवकर’च्या बाजूचा हा सगळ्यात जोरदार पुरावा, आणि तो दडवून ठेवणं बरोबर नाही. पण चाचणी लहान होती. 2010 साली इटलीतल्या 12 आयसीयूंमध्ये 419 रुग्णांवर तुलना झाली, सहा ते आठ दिवस विरुद्ध तेरा ते पंधरा दिवस. मुख्य प्रश्न होता नळीमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा: 14 टक्के विरुद्ध 21 टक्के, आणि हा फरक योगायोगानं आला नाही असं छातीठोकपणे म्हणता आलं नाही.

मग आली ब्रिटनमधली ट्रॅकमॅन चाचणी, 2013 सालची, 909 रुग्णांची. चार दिवसांच्या आत करा, किंवा दहा दिवस थांबा आणि तेव्हाही गरज असेल तरच करा. तीस दिवसांतले मृत्यू: 30.8 टक्के आणि 31.5 टक्के. वाचलेल्या रुग्णांचा आयसीयूतला मुक्काम, मधली संख्या: 13 दिवस आणि 13.1 दिवस. नोंदी उघडून केलेल्या अभ्यासात मुक्कामात जो मोठा फरक दिसतो, तो घड्याळ सगळ्यांचं एकाच दिवशी सुरू केल्यावर जवळजवळ नाहीसा होतो.

पण ट्रॅकमॅनमधला आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. थांबा म्हटलेल्या गटात प्रत्यक्षात किती जणांना ट्रॅकिऑस्टॉमी लागली? 44.9 टक्के. निम्म्याहून अधिकांना लागलीच नाही! काही बरे झाले, काही गेले. हे सगळे रुग्ण कोण होते? ज्यांच्याबद्दल अनुभवी डॉक्टरांनी चौथ्या दिवसाच्या आत सांगितलं होतं की यांना अजून किमान आठवडाभर व्हेंटिलेटर लागणार. म्हणजे पुढचं ओळखण्याची आमची ताकद एवढीच आहे. ‘लवकर’चा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे की, आम्हाला आधी कळतं. आणि तेच नीट कळत नाही.

लवकरच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. ट्रॅकमॅनमध्ये वाचलेल्यांत गुंगीच्या औषधांचे दिवस कमी झाले: मधली संख्या पाच, विरुद्ध आठ. हा फायदा खरा आहे. तीन दिवस जास्त जागं असणं ही लहान गोष्ट नाही. 2015 सालच्या कॉक्रेन आढाव्यातही सगळ्या चाचण्या एकत्र केल्यावर मृत्यूचा काटा थोडा लवकरच्या बाजूला झुकला. म्हणजे ‘लवकर’ हा मूर्खपणा आहे असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं असं आहे की, त्या रुग्णांचं रक्त पंपातून फिरत नव्हतं. फायद्याचा आकडा तिथला घ्यायचा आणि रक्तस्रावाची किंमत इथली विसरायची, हा हिशेब चालणार नाही.

एक्मोचं चित्र बघायचं तर 2021 साली अनेक देशांतल्या केंद्रांच्या एकत्रित नोंदी प्रसिद्ध झाल्या. फुप्फुसाच्या तीव्र निकामीपणासाठी एक्मोवर घेतलेले 1,168 रुग्ण. त्यांतल्या 353 जणांची ट्रॅकिऑस्टॉमी झाली, म्हणजे तीस टक्के. त्यातही साधारण निम्म्यांची एक्मो चालू असताना आणि निम्म्यांची एक्मो काढल्यावर. आता उरलेल्या 815 जणांचा विचार करा. त्यांतले किती वाचले, किती गेले, हे बाजूला ठेवू. पण कुठलाही अभ्यास फक्त 353 जणांचे ‘लवकर-उशिरा’ असे दोन ढीग करून निघाला, तर तो सत्तर टक्के लोकांकडे पाठ करून बसलेला असतो.

आणि या अभ्यासांत आणखी एक पर्याय सहसा बसतच नाही. फुप्फुसाचं काम यंत्र करत असेल, तर काही निवडक रुग्णांत तोंडातली नळी सरळ काढून घेता येते. माणूस जागा, बोलणारा, जेवणारा, आणि एक्मो चालू. फुप्फुस प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांत हे बऱ्याच केंद्रांत केलं जातं. प्रत्येकाला जमत नाही. ज्याला कफ काढता येत नाही, जो घाबरून धडपडतो, त्याला नाही. पण पर्याय आहे. तसंच, तोंडात नळी असतानाही गुंगी कमी करता येते. एक्मोवर व्हेंटिलेटर आरामाच्या सेटिंगवर असतो, त्यामुळे ते शक्य होतं. त्याला लागतं ते पुरेसं मनुष्यबळ: खाटेशी उभी राहणारी नर्स, रोज येणारा फिजिओथेरपिस्ट. स्पष्टच बोलायचं तर, काही वेळा आम्ही माणसांची कमतरता गळ्यातल्या भोकानं भरून काढतो. आणि उलटही दिसतं: भोक पाडलं, नळी बसवली, पण गुंगी तशीच चालू. मग त्या जखमेतून मिळवलं काय?

हृदयासाठीच्या एक्मोचं गणित तर आणखी निराळं. तिथे यंत्र बहुतेकदा काही दिवसांसाठी असतं. तेवढ्यात हृदय सावरतं, किंवा दुसऱ्या यंत्राकडे वा प्रत्यारोपणाकडे जावं लागतं, किंवा हाती काही उरत नाही. छातीचं हाड कापून ऑपरेशन झालेलं असेल तर मानेची जखम आणि छातीची जखम जवळजवळ असतात, संसर्गाची धास्ती राहते. फुप्फुसाचा रुग्ण आणि हृदयाचा रुग्ण एका ‘एक्मो’ या शब्दाखाली एकत्र मोजून काढलेल्या सरासरीचा दोघांनाही उपयोग नाही.

कोविडच्या सुरुवातीला तारखेवर चालण्याचा तोटा उघडच दिसला. संसर्ग पसरेल या भीतीनं अनेक ठिकाणी दोन-तीन आठवडे थांबायचा नियम झाला. ती तारीख रुग्णाच्या फुप्फुसावरून आली नव्हती. पुढे नियम सैल झाले, पण तारीख विचारायची सवय राहिली.

मग आम्ही काय करायचं? आमच्या मते दिवस मोजण्याऐवजी रोज सकाळी चार गोष्टी विचाराव्यात. फुप्फुस उघडतंय का, निदान गेल्या दोन-तीन दिवसांपेक्षा? रक्तस्राव चालू आहे का, प्लेटलेट्स किती, हेपॅरिन काही तास थांबवलं तर यंत्राला चालेल का? माणूस जागा होतोय का, आणि होत असेल तर नळी सरळ काढून बघण्याजोगा आहे का? आणि गळ्यात नळी टाकलीच, तर उद्यापासून नेमकं काय बदलणार आहे: गुंगी किती कमी करणार, केव्हा बसवणार? चौथ्याचं उत्तर आमच्यापाशी नसेल, तर भोक पाडायची घाई कशाला?

(श्रोत्यांमधून प्रश्न: “पण डॉक्टर, एक्मोचा रोजचा खर्च केवढा! घर विकायची वेळ येते. तुम्ही ‘थांबू या’ म्हणता, तेव्हा आमचं मीटर चालूच असतं ना?”)

तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे, आणि ‘लवकर सुटेल’ हे वाक्य एवढं चिकटून राहतं ते याचमुळे. एक्मोचं बिल लाखांत जातं आणि बहुतेक घरांना ते स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. पण म्हणूनच आकडा नीट तपासायला हवा. भोकामुळे यंत्राचा एकही दिवस कमी होतो, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा आम्हाला मांडता येत नाही. उलट रक्तस्राव झाला तर रक्ताच्या पिशव्या, प्लेटलेट्स, जादा दिवस, हे सगळं त्याच बिलात येतं. खर्च वाचेल या आशेवर सही करू नका. माणूस जागा व्हावा, बसावा, बोलावा, यासाठी करा, आणि ते कधी होणार ते आम्हाला विचारा. तुमचा तो हक्क आहे.

त्या मुलीला आज भेटलो असतो तर काय बोललो असतो, ते सांगतो आणि थांबतो. म्हटलं असतं, “ताई, बाबांना पुढे बरेच दिवस श्वासाला आधार लागेल असं आम्हाला वाटतंय, पण असा आमचा अंदाज पुष्कळदा चुकतो. आज गळ्यातून नळी टाकली तर त्यांना कमी गुंगीत ठेवता येईल. रक्त मात्र पातळ आहे, जखमेतून ते वाहू शकतं. दोन दिवस थांबलो तर कदाचित गरजच पडणार नाही. ते लवकर घरी जातील असं वचन आम्ही देत नाही.” एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. त्या रात्री आम्ही ती दिली नाहीत.